सकाळी सहाची मोजणी

कराडच्या भूमी अभिलेख कार्यालयात हेमलता खराडे भूकरमापक होती. सत्तावीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या होत्या. बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात असले की गावातले शहाणे म्हणत, "खराडेबाई येऊ द्यात, मग बोला." ती कुणाच्या घरचा चहा घेत नसे, आणि तिनं एकदा रोवलेली हद्दीची खूण आजवर कुणाला हलवावी लागली नव्हती.

२०४१ च्या हिवाळ्यात, बावन्न लागलं त्या वर्षी, ओंडच्या एका रानात ट्रायपॉडचा पट्टा खांद्यावर चढवताना तिच्या बोटांना मानेतली गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत अजिबात नव्हती. तिनं उरलेलं काम पुरं केलं, नकाशावर सही केली आणि मग नवऱ्याला फोन लावला.

नवरा दिगंबर. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक डोळे तपासायला येई आणि जाताना त्याला दिगंबरच्या घरी काल कुठली भाजी झाली होती तेही कळलेलं असे. त्या दिवशी मात्र तो फोनवर एवढंच म्हणाला, "मी येतो. तिथंच थांब."

मिरजेच्या रुग्णालयात डॉ. अस्मा मुजावर यांनी तपासण्यांचे कागद पुढ्यात ठेवले. "लिम्फोमा आहे, हेमलताताई. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशींचाच कर्करोग. पण तुमचा प्रकार आळशी आहे. सहसा मुळापासून जात नाही, मात्र वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. औषध आज दिलं काय किंवा चार वर्षांनी दिलं काय, आयुर्मानात फरक पडत नाही. मग आजच शरीराला का झोडपायचं? लक्ष ठेवू आणि थांबू."

"थांबायचं म्हणजे काहीच करायचं नाही?" दिगंबरचा आवाज चढला. "घरात साप आहे म्हणून सांगता आणि वर बसून राहा म्हणता?"

"सापावर नजर ठेवायची सोय आहे आता," डॉक्टर म्हणाल्या.

त्या सोयीचं सरकारी नाव होतं रक्तप्रहरी. तांदळाएवढी काचेची कुपी दंडाच्या कातडीखाली बसवत, म्हणून लोक तिला नुसतं 'दाणा' म्हणत. डॉ. मुजावरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लिम्फोमाच्या पेशींच्या डीएनएमध्ये अक्षरांची एक अशी ओळ असते, जी त्या रुग्णाच्या निरोगी पेशींत सापडत नाही आणि जगात दुसऱ्या कुणाच्याही अंगात नसते. या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात वाहत राहतात आणि तासा-दोन तासांत विरून जातात. दाण्याच्या आत त्या ओळीला जुळणारे धागे लावलेले असतात. तुकडा वाहत आला की धाग्याला चिकटतो, चिकटताना विजेचा बारीकसा ठोका पडतो आणि दाणा ते ठोके मोजतो. दिवसभराची बेरीज सकाळी सहाला मोबाइलवर येते. रोगाच्या पेशी जितक्या जास्त, तितका आकडा मोठा.

"दोनशेच्या वर तीन आठवडे टिकला तर उपचार सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या आत असेपर्यंत तुम्ही तुमच्या वाटेला, तो त्याच्या वाटेला. या आकड्याला आम्ही मोजणी म्हणतो."

"मग हे मला जमेल," हेमलता म्हणाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ती थोडी हसली.

पण जमलं नाही.

पहिल्या सकाळी आकडा आला एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. मग एकोणचाळीस, सत्तेचाळीस, त्रेचाळीस. हेमलता साडेपाचलाच जागी होऊन मोबाइल उशाशी घेऊन बसू लागली. एकोणचाळीस आला त्या दिवशी तिनं शिरा केला. सत्तेचाळीस आला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दिगंबर सांगून थकला की दोनशेपर्यंत काही बिघडत नाही. तिलाही ते कळत होतं. इंच-दोन इंचांचा फरक यंत्राचा असतो, जमिनीचा नसतो, हे तीच नव्या पोरींना शिकवत आली होती. पण ही जमीन तिच्या स्वतःच्या कातडीखाली होती.

चार-पाच महिने असे गेले. एका सकाळी एकसष्ट आला. त्या दिवशी तिला काले गावात दोन चुलतभावांमधली हद्द ठरवून द्यायची होती. तिनं यंत्र लावलं, वाचन घेतलं, आकडे लिहिले, खूण रोवून दिली. पंधरा दिवसांनी वरिष्ठ फेरमोजणीला आले तेव्हा खूण दीड मीटर सरकलेली निघाली. एका भावाची विहीर दुसऱ्याच्या रानात गेली होती. वरिष्ठांनी खूण उपटली आणि योग्य जागी रोवली. हेमलता बांधावर उभी राहून बघत होती. 

घरी येऊन तिनं मोबाइल दिगंबरच्या हातात दिला. "माझ्याकडचा आकडा बंद करून टाका. मला नको."

आकडा बंद करता येत होता, पण पूर्ण नाही. डॉक्टरांखेरीज घरातल्या एका माणसाकडे तो गेलाच पाहिजे, असा नियम होता. हा आळशी रोग क्वचित, फार क्वचित, आठवड्याभरात चवताळतो. तशा वेळी रुग्णाला हाताला धरून आणणारं कुणीतरी लागतं.

"मी ठेवतो," दिगंबर म्हणाला.

"पण माझी अट आहे. वर गेला तरी सांगायचं नाही, खाली आला तरी सांगायचं नाही. डॉक्टरांनी बोलावलं तरच तोंड उघडायचं."

"नाही सांगणार."

"तुमच्याच्यानं राहवेल?"

"राहवेल म्हणतोय ना!"

आणि आश्चर्य म्हणजे त्यानं पाळलं. सकाळी सहाला तो गच्चीवर जाई आणि पाच मिनिटांनी झाडांना पाणी घालून खाली येई. हेमलताला झोप लागू लागली. कामात चूक होईनाशी झाली. तीन महिने घर पूर्वीसारखं चाललं.

मग तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ती दिगंबरला वाचू लागली होती.

गच्चीवरून खाली येताना त्याची पावलं कशी पडतात, चहाचा कप तो किती वेळ नुसता हातात धरून बसतो, बातम्या ऐकताना नेहमीप्रमाणे पुढाऱ्यांना शिव्या घालतो की नाही, हे सगळं तिचं मन तिच्या नकळत टिपून ठेवत होतं. गणपती झाले आणि ही टिपणं एका दिशेला झुकू लागली. दिगंबर गप्प झाला. जेवताना तिच्याकडे बघता बघता त्याचे डोळे भरून येत आणि तो पाण्याचा तांब्या आणायला उठे. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलेना. तीस वर्षांची सुपारी एका दिवसात सोडली. गुरुवारी दुकान बंद ठेवून तिला घेऊन औदुंबरला जाऊन आला आणि देवासमोर इतका वेळ उभा राहिला की मागच्या माणसानं खांद्याला हात लावला.

हेमलतानं विचारलं नाही. अट तिचीच होती. ती मोडायची तर आधी आपल्याच मनाला तोंड द्यावं लागणार होतं, आणि तिला ते होईना.

दिवाळीच्या आधी पुण्याच्या कार्यालयातून पत्र आलं. सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवरच्या जमिनींची आजवर नीट मोजणीच झाली नव्हती. सागाच्या पानांखाली ड्रोनला बांध दिसत नसत, खोल दऱ्यांत उपग्रहाचा सिग्नल पोचत नसे. माणसांनी पायी चढूनच ते काम करायचं होतं. पथकाचं प्रमुखपद मिळावं म्हणून हेमलतानं आजारपणाच्या आधी अर्ज केला होता. तो मंजूर झाला होता. पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता.

तिनं पत्र दिगंबरला वाचून दाखवलं. पूर्वीचा दिगंबर उसळला असता. त्या डोंगरात तुला कोण बघणार, ताप आला तर काय करशील, म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "तुला वाटेल तसं कर, हेमा. मी अडवणार नाही."

 मरणाऱ्या माणसाचा शब्द कुणी मोडत नाही. तिनं तसाच अर्थ लावला.

चौदाव्या दिवशी तिनं नकार लिहून पाठवला. कारणाच्या रकान्यात 'प्रकृती' असं लिहिलं. मग कपाटातल्या जुन्या मोजणीवह्या काढल्या, गावांच्या नावांनी लावल्या आणि कार्यालयात नेऊन दिल्या. मुलगी गार्गी कोइमतूरला पंप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता होती. तिला फोन करून पाटल्या कोणत्या डब्यात आहेत ते सांगितलं.

"आई, हे आत्ता कशाला?" गार्गी म्हणाली.

"माहीत असावं."

 मग गार्गी म्हणाली, "तू डॉक्टरांना भेटून ये. बाबांना न सांगता. जाशील?"

हेमलता एसटीनं मिरजेला गेली. डॉ. मुजावर मोकळ्या होईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि आत गेल्यावर बसायच्या आधीच तिनं विचारलं, "किती दिवस आहेत माझ्याकडे?"

"कसले दिवस?"

"मला कळलंय, डॉक्टर. यांच्या चेहऱ्यावरून."

डॉ. मुजावरांनी तिला खुर्ची दाखवली. "आकडा तुमचा आहे. तुम्हाला बघायचा असेल तर मी दाखवू शकते. बघायचाय?"

हेमलतानं मान डोलावली. डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. रेघ गणपतीपर्यंत साठाच्या आसपास सपाट होती. तिथून ती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत आली होती. चाळीस, बावीस, चौदा. आज सकाळचा आकडा होता नऊ.

"हे... माझंच आहे?"

"तुमचंच. या आजारात काही जणांच्या बाबतीत असं होतं. औषधाशिवायच रोग मागे हटतो. शरीराच्या पहारेकऱ्यांना अचानक जाग येते आणि ते या पेशींना ओळखू लागतात. का होतं, ते आम्हाला पुरतं कळलेलं नाही. किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. पण आत्ता तुम्ही वर्षभरात होता त्यापेक्षा खूप चांगल्या आहात."

"यांना हे माहीत आहे?"

"रोज सकाळी सहाला कळतं त्यांना. मी म्हटलं होतं, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, अट तुमच्या दोघांतली आहे."

परतीच्या एसटीत हेमलता खिडकीला डोकं टेकून बसली. आनंद व्हायला हवा होता. तो कुठंतरी होताही, पण त्याच्यावर राग येऊन बसला होता.

ती थेट दुकानात गेली. एक म्हातारे गृहस्थ तपासणीची जड चौकट नाकावर घेऊन बसले होते आणि दिगंबर भिंगं बदलत विचारत होता, "हे बरं की हे?" म्हाताऱ्यांना दोन्ही सारखीच दिसत होती. हेमलता बाकावर बसून राहिली. गृहस्थ नंबर घेऊन पायऱ्या उतरले तेव्हा ती म्हणाली, "आकडा नऊ आहे."

दिगंबरच्या हातातली भिंगांची पेटी काउंटरवर आदळली. "कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. मी मिरजेला जाऊन आले. मला वाटलं, मी मरतेय."

"काय?"

"तुमचे डोळे भरून यायचे. सुपारी सोडलीत. देवासमोर तासभर उभे राहिलात. मी दुसरं काय समजायचं, अहो?"

दिगंबर स्टुलावर बसला. "सुपारीचं मी देवाला बोललो होतो. दहाच्या खाली आला तर सोडेन म्हणून. आधीच सोडली, म्हटलं, उशीर नको."

"मग सांगितलं का नाहीत?"

"अट कुणाची होती? खाली आला तरी सांगायचं नाही, हे कोण म्हणालं होतं?" त्यानं भिंगांची पेटी बंद केली. "आणि सांगितलं असतं आणि पुढच्या महिन्यात परत साठ झाला असता तर? एकसष्ट आला होता तेव्हा तुझं काय झालं ते मी बघितलंय. गच्चीवर बारा, अकरा, दहा असं बघायचो आणि वाटायचं, आज मी हसलो तर उद्या वाढेल. म्हणून हसणंच बंद केलं मी."

बाहेरून एक रिक्षा गेली. हेमलतानं पदरानं तोंड पुसलं.

"धडगावला मी नाही म्हणून कळवलंय," ती म्हणाली.

"माहितेय. मला वाटलं, तुला घर सोडवत नसेल."

"तुम्ही म्हणालात, वाटेल तसं कर. म्हणून मी समजले, आता काही राहिलं नाही."

दिगंबरनं कपाळाला हात लावला. "अगं, तू बरी होतेयस, आता तरी तुला तुझ्या मनासारखं करू द्यावं, म्हणून मी तोंड दाबून गप्प बसलो. आठ दिवस झोप नव्हती मला. तू जाणार म्हणून."

 मग दिगंबर उठला, त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि शेजारच्या हॉटेलातून दोन चहा मागवले.

दुसऱ्या दिवशी हेमलतानं पुण्याला फोन केला. पथकाचं प्रमुखपद जयसिंग वसावे नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे गेलं होतं. तेहतीस वर्षांचा, नंदुरबारकडचाच.

"सहायकाची एक जागा आहे, मॅडम," तिकडचे साहेब चाचरत म्हणाले. "पण त्यांच्या हाताखाली काम करावं लागेल. ते तुम्हाला किती ज्युनिअर..."

"डोंगर चढता येतो ना त्यांना? मग मला चालेल."

जाण्याआधी एक प्रश्न उरला. आकडा कुणाकडे ठेवायचा? दिगंबरनं हात जोडले. गार्गीनं व्हिडिओ कॉलवर दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याकडे द्या. पण यापुढे व्हिडिओ बंद. नुसता आवाज."

"म्हणजे आम्ही आता तुझा आवाज मोजत बसणार," दिगंबर म्हणाला.

"मोजा. मी रोज तीन तास गिऱ्हाइकांशी फोनवर मीटिंगा घेते, बाबा. आवाजातून काही कळू न देणं हेच माझं काम आहे."

हेमलता जानेवारीत धडगावला गेली. आपल्याहून वीस वर्षांनी लहान माणसाला पहिले काही दिवस 'सर' म्हणताना तिची जीभ अडखळे. वसावे तिच्यासमोर खुर्चीवर बसायला लाजत. नंतर दोघांनाही त्याचं भान राहिलं नाही. उतारावरच्या शेताच्या कडेनं तिथले लोक दगड रचत. पावसात दगड घरंगळले की शेजाऱ्यांत बोलाचाली होई आणि लिहिलेलं कुठंच काही नसे. हेमलता यंत्र पाठीवर घेऊन चढे, दर शंभर पावलांना श्वास घ्यायला थांबे. पाड्यावरच्या बायका तिच्यासोबत चालत आणि हा बांध माझ्या सासऱ्यानं घातला, हे मोहाचं झाड आमचं, असं बोटानं दाखवत. एका म्हातारीनं आपल्या शेताचा नकाशा हातात आल्यावर तो उलटा धरला, सुलटा धरला आणि झाड कुठं आहे ते विचारलं. नकाशात झाड नव्हतं. हेमलतानं पेनानं काढून दिलं.

पाऊस सुरू झाला की काम थांबे आणि ती कराडला येई. ऑक्टोबरात पुन्हा जाई. असे दोन हंगाम गेले. दिगंबर मधेच चार दिवस येऊन जाई, तिच्या खोलीच्या व्यवस्थेला नावं ठेवी, वसाव्यांशी तासन्‌तास गप्पा मारी. गार्गीचा फोन दर रविवारी येई. ती कारखान्याचं बोले, जेवणाचं बोले, घरमालकिणीचं बोले. हेमलतानं सुरुवातीला कान देऊन ऐकलं. तिला त्यात काहीच सापडलं नाही आणि हळूहळू ती नुसतीच ऐकू लागली.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, गार्गीचा फोन मंगळवारी दुपारी आला.

"आई, बसली आहेस का कुठं?"

"उतारावर आहे. बोल."

"डॉ. मुजावरांनी बोलावलंय. चवताळलेला नाही, आळशीच आहे. पण तीन आठवडे दोनशेच्या वर आहे. आता औषध सुरू करू म्हणाल्या."

हेमलता एका दगडावर टेकली. खाली दरीत कुणीतरी गुरांना हाक घालत होतं. "तुला तीन आठवडे माहीत होतं?"

"हो."

"आणि परवाच्या रविवारी तू घरमालकिणीच्या नातीच्या लग्नावर अर्धा तास बोललीस."

"बोलले." तिकडे गार्गीचा आवाज पहिल्यांदाच जरा फाटला.

"छान बोललीस," हेमलता म्हणाली. "खरंच सांगते. ते तीन आठवडे मला मिळाले. आता रडायचं तर रड."

त्या पाड्यावरची अकरा शेतं मोजायची राहिली होती. वसावे म्हणाले, "मॅडम, तुम्ही आजच निघा. मी करतो."

"डॉक्टरांनी पुढच्या सोमवारचा दिवस दिलाय," ती म्हणाली. "नऊ होतील माझ्याकडून. दोन तुम्ही करा, सर."

नऊ झाली. शनिवारी संध्याकाळी तिनं शेवटची खूण तपासली, यंत्र पुसून पेटीत ठेवलं आणि रविवारची गाडी धरली.

मिरजेला दिगंबर आधीच येऊन थांबला होता. डॉ. मुजावरांनी औषध समजावलं. पोटाच्या कातडीत द्यायची इंजेक्शनं, आधी दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा. औषधाच्या रेणूला दोन हात असतात. एका हातानं तो लिम्फोमाची पेशी धरतो, दुसऱ्या हातानं शरीरातला पहारेकरी ओढून आणतो आणि दोघांना समोरासमोर उभं करतो. पहिल्या डोसांना ताप येईल, थकवा राहील. साधारण साडेचार महिने लागतील. बहुतेकांना चांगला गुण येतो. नंतर पुन्हा काही वर्षं थांबायचं.

नर्स पहिल्या डोसाआधीच्या सलाईनची तयारी करेपर्यंत हेमलतानं पिशवीतून रजेचा अर्ज काढला. दिगंबरनं तिला आपला चष्मा दिला, कारण तिचा धडगावलाच राहिला होता. तिनं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. 'दिनांक पासून' पुढे आजची तारीख घातली. 'दिनांक पर्यंत' पुढे पेन क्षणभर थांबला आणि मग तिनं लिहिलं, दहा ऑक्टोबर.

दिगंबर खांद्यावरून वाचत होता. "डॉक्टरांना विचारलंस?"

"त्या म्हणाल्या ना, साडेचार महिने. तोवर पाऊस संपतो. त्याच्या आधी तिथं चढताच येत नाही."

"अजून किती पाडे राहिलेत?"

"सतरा."

दिगंबरनं बोटांवर काहीतरी हिशेब केला, तो चुकला म्हणून परत केला आणि म्हणाला, "सही राहिलीय खाली."

तिनं सही केली आणि बाही वर सरकवून हात नर्सच्या पुढे धरला.